नळी कुठाय?

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर आमच्या अंगणात टिकल्यांची पिस्तुलं बाहेर पडतात. २०२४च्या दिवाळीत धाकट्या भावाचा सहा वर्षांचा मुलगा लाल टिकल्यांचा रोल भरून थेट आजीपाशी, म्हणजे माझ्या आईपाशी आला. तिच्या कपाळाला नळी लावून "ठो" म्हणाला. आईनं नातवाच्या हौसेखातर मान टाकली, सगळे हसले. माझी लेक तेवढी उठली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. हातातली करंजी तिनं ताटलीत ठेवली, दोन बोटांनी त्या खेळण्याची नळी जमिनीकडे वळवली आणि म्हणाली, "माणसाकडं नाही धरायची. खोटी असली तरी नाही." पोरानं भोकाड पसरलं. सणासुदीला लहान पोराला कशाला रडवतेस म्हणून तिला चार बोलणी बसली.

ती तीन वर्षांपासून एअर रायफल चालवते. ही शिस्त तिच्या अंगात रेंजवर भिनली आहे.

आम्ही कोल्हापूरचे. तेजस्विनी सावंत इथलीच. २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ती विश्वविजेती झाली, आणि त्या खेळात जगज्जेती ठरलेली पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव लागलं. राही सरनोबतही इथलीच. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये तिनं सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहिला, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. १९५२मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक जिंकलं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं. इतकं सगळं असूनही कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" आणि मी "नेमबाजी" म्हणालो, की दहातले सहा जण विचारतात, "म्हणजे धनुष्यबाण का?" त्यांच्या आवाजात एक आशा असते. "नाही, रायफल," म्हटलं की ती मावळते, क्षणभर शांतता पसरते. मग शाळेचा विषय निघतो.

ही शांतता मला बरेच दिवस कळत नव्हती. आता कळते, कारण ती माझ्याही मनात आहे.

रेंजवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला आवाजाची भीती होती. तिथं आवाजच नव्हता. दाबलेली हवा सुटल्याचा एक फट् असा कोरडा आवाज, मग पुन्हा शांतता. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, त्यात काळं वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध दहाचा ठिपका. तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आणि तोंडाला चपटा, म्हणजे कागदाला भोक कसं स्वच्छ गोल पडतं. पोरं अंगात कॅनव्हास आणि चामड्याचं ताठ जॅकेट घालतात, पायात तशीच ताठ पँट. एप्रिलच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली हे सगळं अंगावर चढवून सामन्याच्या साठ शॉटसाठी सव्वा तास उभं राहायचं. पाच किलोची रायफल डाव्या हातावर, कोपर कमरेच्या हाडाला टेकलेलं. तेव्हा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्वतःचं काळीज. छातीचा प्रत्येक ठोका नळीच्या टोकाशी दिसतो.

प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. पोरांना ते दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न विचारतात : "नळी कुठाय?" रायफल उचलताना, ठेवताना, मित्रानं हाक मारली म्हणून वळताना. पोरगं वळायच्या आधी प्रश्न येतो. उत्तर एकच : टार्गेटकडे. सराव थांबला की लिव्हर उघडायची आणि नळीतून आरपार एक भडक केशरी दोरी ओवायची. तिला ही मुलं 'फ्लॅग' म्हणतात. दोरी नळीच्या दोन्ही टोकांना दिसली, की लांबूनही कळतं, आत काही नाही. माझ्या लेकीला पहिले पंधरा दिवस एक छर्रा उडवू दिला नव्हता. दोरी घालणं, काढणं, रायफल ठेवणं, एवढंच. ती चिडायची. मीही मनात फीचा हिशेब करत होतो.

पुढे मी बाकावर बसून बघायला शिकलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चांगला नेमबाज ओळखायचा, तर तो किती वेळा रायफल खाली ठेवतो ते मोजावं. उचलली, गालाला लावली, श्वास सोडला, साइटमध्ये काळं वर्तुळ आलं, बोट चापावर गेलं, आणि काहीतरी जुळलं नाही. पायाखाली तोल थोडा सरकला असेल, मनात शेजारच्या लेनचा स्कोअर आला असेल. नवखा तिथं चाप ओढतोच, कारण इतकं सगळं करून रिकामं कसं उतरायचं? मुरलेली मुलगी बोट बाहेर काढते, रायफल स्टँडवर टेकवते, पाण्याचा घोट घेते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घड्याळ चालू असतं, आणि तरीही. एका जिल्हा स्पर्धेत शेवटच्या शॉटसाठी माझ्या लेकीनं चार वेळा रायफल उचलली आणि चार वेळा उतरवली. पाचव्यांदा सुटलेला शॉट फार मोठा नव्हता, पण घरी येताना गाडीवर मागं बसून ती त्या चार न मारलेल्या शॉटबद्दलच बोलत होती.

मात्र ही मुलं फक्त एकाग्रतेसाठी येतात, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पालकांना तेच ऐकायला आवडतं. मी लेकीला सरळ विचारलं, तुला पदक आवडतं की रायफल? ती जराही थांबली नाही. "रायफल." तिचा तोल, थंड धातूचा गालाला होणारा स्पर्श, चापाचा तो बारीकसा टप्पा जिथे बोट थांबतं, लाकडी दस्त्याला येणारा तिच्याच घामाचा वास. वॉल्थर की फाइनवेर्कबाऊ, यावर ही पोरं वडापावच्या गाड्यावर तासन् तास वाद घालतात. यांतल्या कुणाच्या बापाला दोन लाखांच्या पुढची रायफल सहज परवडणारी नाही. जुन्या वापरलेल्या रायफली हातोहात फिरतात. हे बंदुकीचं प्रेम आहे आणि त्याला दुसरं सभ्य नाव द्यायची गरज मला वाटत नाही. ज्या घरात ते मोकळेपणानं बोलता येत नाही, त्या घरातलं पोरगं ते बोलायला रीलवर जातं. तिथं कंबरेला कट्टा खोचलेला कुणीतरी, पाठीमागं गाणं, खाली हजार बदाम. 'नळी कुठाय' असं विचारणारं तिथं कुणी नसतं.

स्वप्नीलच्या पदकानंतर अडीच महिनेही झाले नव्हते, तोच १२ ऑक्टोबर २०२४च्या रात्री मुंबईत वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा गोळ्या घालून खून झाला. पकडलेल्या आरोपींपैकी एकानं कोर्टात आपण अल्पवयीन असल्याचं सांगितलं. हाडांच्या चाचणीत तो सज्ञान ठरला. ही बातमी टीव्हीवर चालू असताना लेक माझ्या शेजारी बसली होती. तिच्या रेंजवर त्या वयाची बरीच मुलं आहेत. तिनं रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. चॅनल बदललं नाही.

बंदूक आमच्या घरात पहिल्यांदा लेकीमुळे आली असं नाही. आईचं माहेर सिंधुदुर्गातलं. तिथं शेती संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आजही घराघरांत आहेत. माकडं आणि रानडुकरं भात-केळीचं काय करतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला या परवान्यांवर शहरातून नाक मुरडणं जमणार नाही. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायची, संपली की परत आणायची, हा तिथला नित्याचा रिवाज. आईच्या घरी ठासणीची बंदूक दाराच्या मागे टांगलेली असे. एका पावसाळ्यात रात्री खळ्यात डुकरं शिरली, तिचा थोरला भाऊ अंधारात बार भरत होता, आणि बार तिथंच उडाला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मामा पुढं चाळीस वर्षं जगला, डाव्या हातानं जेवला. लेकीला रेंजवर घालायचं ठरलं, तेव्हा आई मला एवढंच म्हणाली, "दादाचा हात तू बघितलायस." त्यानंतर दोन वर्षं तिनं या विषयावर तोंड उघडलं नाही.

आईला उत्तर द्यावं म्हणून मी कायदा वाचायला बसलो. उत्तर मिळालं नाही; पण वाद आपल्याकडे किती जुना आहे ते समजलं.

१८७८मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. गोऱ्यांना त्यातून सूट होती, हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. तो अपमान पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या जिव्हारी लागला. गांधीजींनी १९१८मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्यावर जळजळीत शब्दांत टीका केली. अमेरिकेतले बंदूकप्रेमी ते वाक्य आज फोटोवर छापून फिरवतात. ते सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे, हे तेवढं गळून पडतं. १९३१मध्ये कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांची जी यादी केली, तिच्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क लिहिलेला होता.

म्हणून डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी उभं राहून हा हक्क घटनेत घाला अशी दुरुस्ती सुचवली, तेव्हा ती काही विक्षिप्त मागणी नव्हती. कराचीचं वचन ते सभागृहाला आठवून देत होते. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं. परकी सरकार लोकांना निःशस्त्र करत होतं, त्या काळात ती मागणी समजण्यासारखी होती, हे त्यांनी नाकारलं नाही. पण स्वतंत्र देशात शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर आपण भर द्यायला हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. भारतात बंदूक हा हक्क झाला नाही, ती परवान्याचीच बाब राहिली.

मला ही चर्चा लेकीच्या रेंजवर उभं राहून समजली. तिथं बंदुकीवर तिचा कसलाच हक्क नाही. आहेत ती कर्तव्यं, एकामागून एक, आणि ती चुकली की लेन सोडून बाकावर बसायचं.

गोष्ट इथं संपत नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५१मध्ये, देशात राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर, पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले ते. मूळ रत्नागिरीकडचं मराठी घराणं, कर्मभूमी अहमदाबाद, सत्याग्रहात तुरुंग भोगलेला गांधीवादी माणूस. आज राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी असलेली स्पर्धा त्यांच्याच नावानं ओळखली जाते. रेंजवरची पोरं एकमेकांना विचारतात, "मावळंकर खेळलास का?" मावळंकर हे माणसाचं नाव आहे, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. मी लेकीला सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न केला, "गांधीवाद्यानं रायफलचा क्लब काढला?" मला तो प्रश्न फार आवडला. अहिंसा मानणाऱ्या त्या माणसाला बंदूक दडवून ठेवण्यापेक्षा तिला रेंजच्या शिस्तीत आणावंसं वाटलं असेल, असं माझं मन म्हणतं.

१९५९च्या शस्त्र कायद्यात आज वयाची अट आहे. एकवीस पूर्ण झाल्याशिवाय स्वतःचा परवाना नाही. त्याआधी नियमांत बसणाऱ्या सरावापुरतीच मुभा. ठरावीक ताकदीच्या आतल्या साडेचार मिलिमीटर एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून लहान मुलांना सुरुवात करता येते. २०१९च्या दुरुस्तीत एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. मूळ विधेयकात एकच होती. लग्नात, वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही कलमं वाचून रेंजवरचे काही थोरले मुलगे मात्र तापतात. त्यांच्या तोंडी अमेरिकेची भाषा असते : हक्क, स्वसंरक्षण, चांगल्या माणसाच्या हातात बंदूक हवी.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लेकीचा रायफल घेतलेला फोटो टाकला, तर तिनं तो पाहिला आणि दोन दिवस काही बोललीच नाही. मग फोन केला. तिचा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या वर्गात सराव घेतात : दिवा बंद, दार बंद, कोपऱ्यात जमिनीवर बसायचं, हूं की चूं करायचं नाही. "दादा, त्याला त्याच्या बुटांतल्या दिव्यांची भीती वाटते रे. चालताना लुकलुकतात ना." तिनं ते बूट बदलले. २०२०मध्ये अमेरिकेत मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक ठरलं, वाहन अपघातांच्याही पुढे. हा आकडा मी वाचला होता. बुटांचं ऐकल्यावर तो कळला.

त्या थोरल्या मुलग्यांशी बोलताना मी स्कॉटलंडची गोष्ट काढली. १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एक माणूस शिरला. व्यायामाच्या हॉलमध्ये पाच-सहा वर्षांची सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका यांना त्यानं मारलं. त्याचं नाव लिहायची गरज नाही. लिहायला हवं ते हे : त्याच्या बंदुका बेकायदा नव्हत्या. परवाना होता, क्लबात जाणंयेणं होतं. "आम्ही खेळाडू, ते गुन्हेगार" असं म्हणून आपण नेमबाजांचे पालक जी भिंत बांधतो, ती डनब्लेनला पडली होती. चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी वापरात नसलेलं पिस्तूल महत्त्वाचा भाग काढून निकामी करून ठेवावं, अशा धर्तीचा मार्ग आधी सुचवला होता. मेलेल्या मुलांचे आईबाप आणि त्यांच्या मागे सात लाखांहून अधिक सह्या करणारे लोक यांना तेवढं पुरेसं नव्हतं. १९९७मध्ये आधी मोठी पिस्तुलं गेली, मग त्याच वर्षी दुसऱ्या कायद्यानं पॉइंट टूटूची खेळातली पिस्तुलंही. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जाण्याची वेळ आली.

आता पुढचं ऐका. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजी झाली ती त्याच स्कॉटलंडमध्ये, बॅरी बडनला. पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्ण आमच्या राहीनं जिंकलं, रौप्य अनिसा सय्यदनं. स्पर्धेपुरती खास परवानगी दिलेली. म्हणजे ज्या जातीच्या पिस्तुलानं आपल्या दोन मुलींनी तिरंगा वर नेला, ते यजमान देशातल्या साध्या माणसाला घरी ठेवता येत नव्हतं. आम्ही इथं फटाके लावले. मला आज वाटतं, तो आनंद खरा होता आणि ती बंदीही बरोबर होती. सोळा मुलं गमावलेल्या गावापुढं कुठल्याही खेळानं आपली गैरसोय मांडू नये.

रेंजवर हे सांगून झालं तेव्हा कुणी बोललं नाही. सगळ्यात जास्त वाद घालणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्यानं थोड्या वेळानं विचारलं, "काका, त्या क्लबातल्या लोकांना कळलं नव्हतं का, तो माणूस कसा आहे ते?" मी सांगितलं, त्याच्याबद्दल आधीपासून तक्रारी होत्या. तो म्हणाला, "मग नळी कुठाय हे कुणी विचारलंच नाही त्याला."

म्हणून माझं मत झालं आहे ते असं. आपल्या राज्यात परवाने जितके मोजून दिले जातील तितकं चांगलं. २०२४च्या अखेरीस बीडसारख्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने असल्याचं चव्हाट्यावर आलं आणि मग ते रद्द करायची धावपळ झाली. त्या बंदुका कुठल्या डुकरांसाठी होत्या? परवाना प्रतिष्ठेसाठी, गाडीच्या काचेमागे दिसावा म्हणून निघतो, तेव्हा तो मागणाऱ्याइतकाच देणाराही दोषी असतो. आणि खेळातल्या मोठ्या बंदुका घरच्या कपाटात नसाव्यात, क्लबाच्या तिजोरीत असाव्यात. खेळाडूंना हे जाचक वाटेल, मला माहीत आहे. पण दुसऱ्या बाजूला रेंज वाढायला हव्यात, तालुक्याच्या गावी, सरकारी शाळांजवळ, फी परवडेल अशा. बंदुकीची ओढ असलेलं पोरगं प्रत्येक गावात आहे. त्याला पहिल्यांदा कोण भेटतं, पंधरा दिवस दोरी ओवायला लावणारा निवृत्त फौजी की कट्टा विकणारा, यावर बरंच काही अवलंबून असतं.

लेकीची एअर रायफल मीही रेंजच्या लॉकरमध्येच ठेवतो. कायद्याला गरज नाही. आईच्या भावाच्या हाताला आहे. यंदा खंडेनवमीला लेक म्हणाली, एक दिवस घरी आणू दे, पूजेला. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आण."

देवघराशेजारी पाट मांडला होता. त्यावर माझा जुना टाइपरायटर, भावाचे पाने-स्क्रू ड्रायव्हर, आईची विळी, कणीस कापायचा माहेरचा एक कोयता. आई हळदीकुंकवाचं बोट भिजवून बसलेली. लेकीनं केस उघडली, रायफल बाहेर काढली. दारातून भावाचं शेंबडं पोर डोकावत होतं, त्याला तिनं बाजूला उभं केलं. लिव्हर उघडून आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. केशरी दोरी आरपार ओवली, दोन्ही टोकं ओढून बघितली. मग पाटावर ठेवताना थांबली, कारण तशी ठेवली तर नळी स्वयंपाकघराच्या दाराकडे होत होती. तिनं टाइपरायटर सरकवला, विळी सरकवली, कोयता उचलून दुसऱ्या टोकाला ठेवला, आणि नळी भिंतीकडे करून रायफल आडवी ठेवली.

आईच्या बोटावरचं कुंकू वाळायला लागलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं बोट पुन्हा पाण्यात बुडवलं आणि वाट पाहत राहिली.